बायोगॅस टाकी : लग्नसराईआधी एवढं बघाच

सोलापुरातील हॉटेल व मंगल कार्यालय चालक सभासदांसाठी

दिवसाला सरासरी १०० किलोंच्या वर कचरा निघत असेल, तर घनकचरा नियमांनुसार आपण मोठे कचरा उत्पादक ठरतो. ओला कचरा वेगळा ठेवून शक्यतो जागेवरच जिरवायचा असतो. रोजचं वजन वहीत लिहा. नोंदच नसेल तर टाकी चालते हे दाखवणार कशावरून?

पंगतीत उरलेला भात एकदम टाकीत ओतू नका. आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेन (म्हणजे जळणारा गॅस) करणारे सावकाश, म्हणून आम्ल साचतं. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.५ च्या खाली गेला की आंबूस वास येतो, गॅस असूनही ज्योत धरत नाही. अशा वेळी भरण थांबवा, ताजं शेण कालवून घाला, चुन्याची निवळी मात्र पीएच मोजत थोडी थोडीच. ७ च्या आसपास आला की निम्म्या भरणाने सुरुवात.

एरवी कचरा बारीक करून तेवढंच पाणी घाला. लिंबाची सालं, हाडं, शेंगांची टरफलं नकोत (चटणीवाल्यांनो, टरफलं कंपोस्टला). गॅसच्या पाइपात साचलेलं पाणी आठवड्याला काढा.

टाकीत माणूस उतरवू नका, रिकामी दिसली तरी. गाळ काढायला यंत्रच बोलवा.