काका, देव बरें करूं

आदरणीय काका,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘पुरे गो बाये’ म्हणून विषयच बदलता, म्हणून चारचौघांत लिहितेय.

बाबांची उमेद पुण्यात, मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून गाड्यांचे भाग घडवणाऱ्या कारखान्यात गेली. आम्ही डिचोलीत आजोळी वाढलो. ते नेमकं काय करत, घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर विचारत सुटले. कंपन्यांचे इतिहास लिहिणाऱ्या एका जाणकारांनी ‘पाहतो, पाहतो’ करत शेवटी पाठवलं काय, तर शेअरच्या भावाचे तक्ते! त्यात बाबा कुठे सापडणार?

तुम्हीही त्याच कारखान्यातले, पण तुमची शिफ्ट वेगळी, बाबांशी ओळखही नाही. तरी फोंड्याला घरी बोलावून अख्खी दुपार दिलीत. इकडे गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली नीलकंठराव कल्याणींनी कंपनी काढली, उत्पादनाला १९६६ उजाडलं. सुमारे १,२०० अंशांवर तापलेला बिलेट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, सांडशीने खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचा, वरून हॅमर आदळायचा, जास्तीचं पोलाद कडेने फ्लॅश होऊन बाहेर. त्या दणदणाटात बोलायचं ते खुणांनी. बाबा घरी ओरडून का बोलत, यावरून आई जन्मभर चिडली होती हो! पुढे १६,००० टनी प्रेस आली, हॅमरवाले मागे पडले. त्यावर तुम्ही फार बोलला नाहीत, मीही खोदून विचारलं नाही.

पण माझ्या मनातून जात नाही तो तुमचा रुमाल. उभा कापून, घासून, आम्ल लावलेला तो कनेक्टिंग रॉड, इंजिनातला दांडा, तुम्ही फडताळातून काढलात. आईच्या साडीला तेल लागू नये म्हणून आधी इस्त्रीच्या रुमालाने खाचान्‌खाच पुसलात. मग रेघांवर बोट ठेवून म्हणालात, ‘वहिनी, हे पोलादाचे तंतू. आकाराबरोबर वळलेत. नुसता कापून केला असता तर तुटले असते, म्हणून ठोकायचा.’ चौथी शिकलेल्या बाईला तुम्ही नव्या इंजिनियरला सांगावं तसं सांगितलंत. माहिती पुष्कळांकडे असते. समोरच्याचा मान राखून ती देणारे मला तरी फार भेटले नाहीत.

परवा साखळीच्या रस्त्याला टिपर दिसला, तर आई म्हणाली, ‘ह्याचा पुढचा अ‍ॅक्सलही ह्यांनीच ठोकला असणार.’ मी कशाला नाही म्हणू?

रॉड शोकेसमध्ये आहे. आई परत द्यायचं नाव काढत नाही, तेवढं सांभाळून घ्या. चतुर्थीला काकींना घेऊन या, नेवऱ्या करतेय ती.

तुमची,
डिचोलीची बाय