सूचना : रविवारी मुलांना गोल्फ रेंजवर घेऊन या

सर्व सभासदांस,

येत्या रविवारपासून सकाळी ७ ते ९ ड्रायव्हिंग रेंजचे (फटक्यांच्या सरावाच्या मैदानाचे) पहिले चार बे (उभे राहून मारायच्या जागा) १६ वर्षांखालच्या मुलांसाठी राखीव आहेत. नेहमीच्या मंडळींनी पलीकडे सरकावे. ‘ही माझी जागा’ हे ऐकून घेतले जाणार नाही.

मुलांना सभासदत्वाची अट नाही. शेजाऱ्यांची, कॅडींची (खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्यांची), सगळी चालतील. कॉलरचा टी-शर्ट सक्तीचा नाही, कॅनव्हासचे बूट पुरे. पूर्ण डावाला, म्हणजे १८ होलना, चार-साडेचार तास जातात, क्लासवाल्या मुलांकडे तेवढा वेळ कुठला? म्हणून तीनच होल खेळवू.

मोठ्यांच्या काठ्यांचा सेट मात्र त्यांच्या हातात देऊ नका. घरी जुनी ७ नंबरची आयर्न (लोखंडी टोकाची काठी) धूळ खात असेल तर ऑफिसात द्या, दांडा कापून ग्रिप बसवून घेऊ. गेल्या आठवड्यात अशाच कापलेल्या आयर्नने एका कॅडीच्या मुलीने दहातले सहा चेंडू सरळ मारले. (आमच्यातल्या काहींना ते जमत नाही.)

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, तेव्हा भल्या पहाटे टीव्हीसमोर बसलो होतो आपण. सकाळच्या फोरसममध्ये (चौघांच्या गटात) मात्र आजही साठीच्या आतला माणूस शोधावा लागतो.

नावे शुक्रवारपर्यंत स्टार्टरकडे (खेळाडूंना पाळीने मैदानावर सोडणाऱ्याकडे) द्यावीत.

– मानद चिटणीस