लेन्स विकू नकोस!

पुणे, रविवार

प्रिय अजय,

सप्रेम नमस्कार.

भिगवणला काढलेले पक्ष्यांचे पुसट फोटो मिळाले, खालची 'लेन्स विकून टाकतो' ही धमकीही मिळाली. जरा दम धर. मी सगळे फोटो पूर्ण मोठे करून पाहिले. ते एकाच कारणाने बिघडलेले नाहीत.

नदीसुरय पक्ष्याच्या उडत्या फोटोंत मागचं गवत लख्ख आणि पक्षी पुसट, म्हणजे तो फोकसचाच घोळ. लांब पायांच्या शेकाट्याच्या फोटोत मात्र सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय. ६०० मिमीची लेन्स, हलती होडी आणि शटर १/५०० सेकंद. दुसरं काय होणार! राहिला रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा. तुझा खरा राग त्याच फोटोंवर आहे आणि त्यात फोकसचा काही संबंधच नाही. फाइलवर वेळ दुपारी पावणेबाराची आहे. ऊन चढलं की उजनी धरणाच्या पाण्यालगतची हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी आपल्याला त्या थरथरीतूनच दिसतो. कितीही महाग लेन्स लाव, पिसं सुटी दिसायची नाहीत. कुंभारगावहून उजाडताच होडी सोड. होडीवाल्याला थव्यात घुसायला मात्र सांगू नकोस, पक्षी उठवून काढलेले फोटो मला बघायचेच नाहीत.

आता सुरयाचं. तुझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस हा लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश एकमेकांशी जुळवून पाहतो. जुळवायला त्याला कड, रेघ, पिसांचा पोत असं काहीतरी लागतं. फोकसचा बिंदू कोऱ्या आकाशावर सरकला की हाताला काही लागत नाही आणि लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत घरघरत बसते. म्हणून पक्षी येण्याआधीच साधारण तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या काठीवर फोकस आणून ठेव. लेन्सवरचा लिमिटर, म्हणजे फोकसचं अंतर बांधून देणारं बटणही लाव, म्हणजे ती उगाच जवळचं धुंडाळणार नाही.

फोकसचा मोड एएफ-सी, म्हणजे सतत फोकस धरत राहणारा. बसलेल्या पक्ष्याला एकच बिंदू, तोही डोळ्यावर. उडत्याला मधल्या बिंदूंचा छोटा गट. सगळी फ्रेम कॅमेऱ्याच्या हवाली केलीस की तो खुशाल गवत पकडतो, हे तू पाहिलंच आहेस. फोकस शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या एएफ-ऑन बटणावर दे. आठवडाभर अंगठा चुकेल, मग जुन्या पद्धतीकडे वळावंसं वाटणार नाही. काळ्याकुट्ट कोतवालाच्या छातीवर बिंदू ठेवू नकोस, तिथे जुळवायला काही नाही; चोचीच्या कडेवर ठेव.

आणि एक हिशोब: तुझ्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर लेन्स ५०० मिमीवर, छिद्र एफ ६.३, पक्षी १० मीटरवर, तर नीट दिसणारी खोली जेमतेम १० सेंटीमीटर. पंखावर फोकस बसला की डोळा गेलाच म्हणायचं.

सरावाला वेडा राघू बरा. किडा पकडून बहुतेकदा त्याच तारेवर परत येतो, म्हणजे फोकस आधीच लावून वाट बघता येते. कवड्या धीवर तर पाण्यावर हवेतच थबकतो. दोघंही नसले तर सायकलवर अंगावर येणारा पुतण्या आहेच, त्याला हेच सगळं जसंच्या तसं लागू.

मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेऊ का, असं विचारलंयस. पक्ष्याचा डोळा शोधायचं काम ते कॅमेरे झकास करतात, यात शंका नाही. पण तुझ्या तीनपैकी दोन दुखण्यांवर, हलण्यावर आणि थरथरत्या हवेवर, त्याचा उपयोग नाही. तूर्त पैसे राहू देत. उडत्या पक्ष्याला शटर १/२५०० च्या खाली आणू नकोस, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.

पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइली पाठव, जेपेग नकोत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर