घरवेरा बाग बांधायला नको, चालवायला हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या नव्या भागांत आपल्याकडेही बाग आणि क्रीडाकेंद्र हवं, असं सगळेच म्हणतात. त्याचे पैसे घरवेऱ्यातून, म्हणजे घराच्या मालमत्ता करातून, द्यायचे का, असं विचारलं की मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये निम्मे लोक घड्याळाकडे बघू लागतात. मी भायलीत राहते आणि घरवेरा मुदतीत भरते. माझ्या मते हे पैसे घरवेऱ्यातूनच आले पाहिजेत. फक्त ते बाग बांधायला नकोत, बाग चालवायला हवेत.

या दोन खर्चांची आपण नेहमी गल्लत करतो. बागेला जमीन विकत घ्यावी लागत नाही, ती बहुतेक वेळा आधीच राखलेली असते. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे टी. पी. स्कीम (नगररचना योजना, म्हणजे मालकांच्या जमिनींतून रस्ते-बागांसाठी काही भाग काढून बाकीचे प्लॉट नव्याने आखणं) करताना उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागांसाठी ५ टक्क्यांपर्यंत जमीन ठेवता येते. शिवाय १५ टक्क्यांपर्यंत जमीन विक्रीसाठी ठेवायची सोय आहे, ती त्या भागातल्या सोयीसुविधांना पैसा उभा राहावा म्हणूनच. म्हणजे शेत किंवा प्लॉट देताना मूळ मालकांनी बागेपुरतं आपल्या पदरचं दिलेलं आहे. कंपाउंड, पायवाटा, हॉल, दिवे हा एकदाचा खर्च. तो विक्रीच्या प्लॉटमधून किंवा सरकारी अनुदानातून निघू शकतो. उद्घाटनाला पैसा कमी पडला, असं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

पैसा कमी पडतो तो तिसऱ्या वर्षी. शहराच्या एका टोकाला अशी एक बाग आहे, तिचं नाव मी घेत नाही. बोअरची मोटर जळाली आणि ती दुरुस्त होईपर्यंत उन्हाळा सरला, लॉनचा पार खराटा झाला. झोपाळ्याची एक साखळी तुटली तिथे कुणीतरी नायलॉनची दोरी बांधली आहे, आणि पोरं त्याच झोपाळ्यावर बसतात. टेबल टेनिसच्या खोलीला कुलूप आहे. खिडकीतून डोकावलं तर टेबलावर रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या दिसतात. इमारत धडधाकट उभी आहे. नाही तो माळी, नाही तो रखवालदार, आणि खोली उघडून पोरांना खेळवणारा माणूस तर कधी नेमलाच गेला नाही. पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि अनुदान एकदाच येतं. दर महिन्याच्या खर्चाला दरवर्षी येणाराच पैसा लागतो. महानगरपालिकेकडे असा हक्काचा पैसा म्हणजे मुख्यतः घरवेरा. २००७ मध्ये जकात गेल्यापासून तर तो आणखीच महत्त्वाचा झाला आहे.

आणि कायद्यात बागांना पहिलं पान नाही, हेही लक्षात घ्यावं. ७४ व्या घटनादुरुस्तीने उद्यानं आणि क्रीडांगणं शहराच्या कामांच्या यादीत आणली खरी. पण आपल्या महानगरपालिका ज्या १९४९ च्या कायद्यावर चालतात, त्यात पाणी आणि सफाई ही बंधनकारक कामं आहेत, बागा ऐच्छिक. पैशांची ओढाताण झाली की कात्री कुठे लागणार हे सांगायला नको. म्हणून बागांचा पैसा वेगळा दिसला पाहिजे. घरवेऱ्याच्या बिलात पाण्याचा आणि सफाईचा आकडा निराळा येतोच ना? तसा आणखी एक आकडा आला तर कुणाचं डोकं गरगरणार नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागत असेल, तर निदान सामान्य करातला ठरावीक हिस्सा बागांच्या देखभालीसाठी राखून ठेवण्याचा ठराव अर्थसंकल्पाच्या वेळी व्हावा.

कमाटीबागेचंच, म्हणजे आपल्या सयाजीबागेचंच बघा. १८७९ पासून ती लोकांची आहे. बडोद्यातल्या मराठी घरांत क्वचितच एखादं असेल, ज्याच्या आल्बममध्ये तिथला एक तरी फोटो नाही. सयाजीराव महाराजांनी ती दिली, याबद्दल आपण भरभरून बोलतो आणि बोलावंच. पण ती आजवर टिकली, कारण संस्थानच्या काळी आणि त्यानंतरही दरवर्षी कुणीतरी तिच्या पाण्याचे, माळ्यांचे पैसे भरत आलं. आणि बागेत शिरायला तिकीट नाही. कामवाल्या बाईची मुलगी आणि बंगल्यातली मुलगी एकाच हिरवळीवर लोळू शकतात, ही बडोद्याची फार मोठी कमाई आहे.

म्हणूनच ‘ज्याला बाग हवी त्याने तिकीट काढावं’ हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. खासगी ठेकेदाराला चालवायला द्या, हेही नाही. त्याला खर्च भरून काढायचा असतो. मग लग्नसराईत मांडव, नवरात्रात गरब्याचे पास, आणि बघता बघता बागेचा पार्टी प्लॉट, म्हणजे समारंभांना भाड्याने द्यायचं मैदान होतो. पार्टी प्लॉट आपल्या गावात काही कमी नाहीत.

पेन्शनवर जगणाऱ्यांची काळजी मात्र खरी आहे. आपल्याकडे घरवेऱ्याची आकारणी क्षेत्रफळावर होते. जागा कुठे आहे, बांधकाम किती जुनं आहे, वापर राहण्याचा की धंद्याचा, हे त्यात धरलं जातं. त्यामुळे वन रूम किचनवाल्याला आणि शोरूमवाल्याला सारखाच भार पडायचं कारण नाही. अगदी लहान घरांना या वाढीतून सरळ वगळावं. रिकामे ठेवलेले मोठे फ्लॅट आणि दुकानं यांच्यावर थोडं जास्त बसलं तरी चालेल.

एक गोष्ट जाता जाता. बाग करताना कृपा करून सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवू नयेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने काय दाखवलं ते आपण पाहिलं आहे, पाणी मुरायला माती उघडी राहिली पाहिजे.

भायली, सेवासी, वेमाली, बिल ही गावं २०२० मध्ये शहरात आली. शहराचा वेरा आम्ही भरतो. आमच्या नगरसेवकांकडे माझी मागणी एवढीच आहे: टी. पी. स्कीममध्ये बागेसाठी राखलेले आणि सध्या वेड्या बाभळीने भरलेले प्लॉट कोणते, त्यांची यादी वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा. त्यातल्या एका प्लॉटवर बाग आणि क्रीडाकेंद्र करा. माळी, रखवालदार आणि खेळ शिकवणारा यांचा पगार कुठल्या खात्यातून निघणार, हे भूमिपूजनाच्या आधी लिहून द्या. बागेबाहेरच्या फलकावर नेत्यांच्या नावांखाली वर्षाचा जमाखर्चही लावा. मग माझ्या बिलात बागेचा आकडा घाला, मी तो आनंदाने भरेन आणि आमच्या सोसायटीत दारोदार जाऊन इतरांनाही भरायला सांगेन.

आपली,
भायलीची एक वाचक,
बडोदे