चिपच्या ठशासाठी आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आमच्या सेन्सर बोर्डाचं डिझाइन तुम्ही एक पैसा न घेता तपासून दिलंत. आभार खाजगीत मानून झालेच आहेत. पण या वाटेने जाणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे उघड पत्र.

"किल्ली फ्लॅशमध्ये ठेवायचीच कशाला?" हा तुमचा पहिलाच प्रश्न. किल्ली म्हणजे डेटा कुलूपबंद करणारा गुप्त आकडा, आणि फ्लॅश म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी. चिप उघडून चिकाटीने बसलं, तर साठवलेली किल्ली वाचता येते. त्यापेक्षा ती साठवूच नये, गरज पडेल तेव्हा सिलिकॉनमधूनच काढावी. एसरॅम म्हणजे वीज असेपर्यंतच डेटा धरणारी चिपमधली मेमरी. तिच्या एका सेलमध्ये, म्हणजे एक बिट साठवणाऱ्या कप्प्यात, सहा ट्रान्झिस्टर असतात. त्यांतले समोरासमोर जोडलेले दोन इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारे) कागदावर अगदी सारखे, पण घडताना अशुद्धीचे अणू थोडे इकडेतिकडे पडतातच. म्हणून वीज येताच बहुतेक सेल दर वेळी ठरलेल्या बाजूलाच, ० किंवा १ कडे, झुकतात. हाच त्या चिपचा ठसा. तसाच दुसरा ठसा चिप बनवणाऱ्यालाही घडवता येत नाही. सिलिकॉनवरच्या अशा ठशांचं एमआयटीतल्या श्रीनिवास देवदास यांच्या गटाचं २००२चं काम तुम्ही वाचायला लावलंत, तिथून मला हे उमगत गेलं.

आर्बिटरचा, म्हणजे दोन वाटांनी सोडलेल्या सिग्नलांपैकी कुठला आधी पोचतो यावरून ठसा काढण्याचा, पर्याय तुम्ही एका वाक्यात निकालात काढलात: साध्या आर्बिटरच्या प्रश्न-उत्तरांच्या पुरेशा जोड्या हाती लागल्या की मशीन लर्निंगने त्याची नक्कल करता येते.

खरे उपकार मात्र पुढचे. बूटलोडर (चिप चालू होताच पहिला धावणारा प्रोग्राम) सुरुवातीलाच ही रॅम पुसतो, तेव्हा ठसा त्याच्या आधी वाचा, हे तुम्ही सांगितलंत. वीज तोडून लगेच जोडली तर जुनाच डेटा सेलमध्ये उरलेला असतो आणि तोच ठसा म्हणून हाती येतो. थंडीत तो आणखी जास्त वेळ टिकतो, हेही. बोर्ड गार-गरम करून कुठले बिट उलटतात ते तुम्ही शेजारी बसून मोजून घेतलंत. विक्रेत्यांच्या चकचकीत माहितीपत्रकांत ठशाचं कौतुक पानभर असतं, या डळमळत्या बिटांवर जेमतेम एक ओळ. अख्खी मेहनत तर तिथेच! एरर करेक्शनसाठीचा, म्हणजे उलटलेले बिट दुरुस्त करायला लागणारा, हेल्पर डेटा उघड्यावर राहिला तरी त्यातून किल्ली फुटता कामा नये, याचा हिशेबही तुम्हीच कागदावर मांडून दिलात. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे, चहाच्या डागासकट.

चिप जुनी होण्याबद्दल तुम्ही विचारलं होतंत. सेलमध्ये त्याचीच सुरुवातीची किंमत दीर्घकाळ धरून ठेवली, तर त्या बाजूचा ट्रान्झिस्टर थकतो आणि सेलचा कल डळमळू लागतो. म्हणून ठसा वाचून झाला की त्या सेलमध्ये आता उलटी किंमत लिहून ठेवतो. तापवलेल्या बोर्डांची मोजणी सुरू आहे. आकडे हाती आले की पाठवतो. सवड झाली तर नजर टाकाल ना?

आपला,
एक फर्मवेअर इंजिनिअर