‘निसार’ची माहिती तलाठ्यापर्यंत यावी

महोदय,

गगनयान कार्यक्रमाचा खर्च २०,१९३ कोटी रुपयांपर्यंत नेण्यास केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अवकाशात माणूस पाठवण्यास माझा विरोध नाही. परंतु ३० जुलै २०२५ रोजी झेपावलेला ‘निसार’ उपग्रह, जो रडारमुळे ढगांआडूनही जमीन टिपतो आणि दर १२ दिवसांनी त्याच भागावरून जातो, त्याची माहिती गावपातळीवर वापरात आणणे मला अधिक निकडीचे वाटते. आमच्याकडे अतिवृष्टीत सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात, कपाशीची बोंडे सडतात, आणि पंचनामा होईपर्यंत शेतकऱ्याने रब्बीसाठी रान मोकळे केलेले असते. मग नुकसान दाखवायचे तरी कसे? इस्रोने कृषी खात्याच्या मदतीने गावनिहाय नुकसानीचे नकाशे तलाठ्याला वेळेत द्यावेत आणि त्यासाठी निधी व मनुष्यबळ आधी राखून ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ