बटाट्याचं बेणं वाटण्याआधी तपासा: कृषिमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

मी कुडाळ तालुक्यातला शेतकरी. भात कापून झालं की मळ्यात कुळीथ, चवळी करतो. गेल्या रब्बीत सरकारी योजनेतून बटाट्याचं बेणं मिळालं, ते दहा गुंठ्यांत लावलं. महिन्याभराने खालची पानं वर वळली, जाड झाली. चुरगाळली की पापडासारखी कुरकुरायची. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "उन्हाचं आहे, पाणी वाढवा." पाणी वाढवलं. काढणीला निघाल्या सुपाऱ्या!

नंतर वाचून कळलं, ही लक्षणं पान वळवणाऱ्या विषाणूची. त्याने झाडाच्या अन्न वाहणाऱ्या नळ्या तुंबतात. पानात तयार झालेलं पिष्ट खाली उतरतच नाही, म्हणून पान कडक आणि बटाटा उपाशी. हा विषाणू मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, पसरवतो आणि लागलेल्या बेण्यातून तो पुढच्या पिकात येतो. दुसरा एक विषाणू, एक्स नावाचा, बेणं कापायच्या कोयत्यावरूनही पसरतो.

प्रत्येक वाण विषाणूला सारखं तोंड देत नाही. चिरलेला बटाटा ज्या विकराने (एन्झाइमने) काळा पडतो, ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज आणि त्याच्या जोडीला पेरॉक्सिडेज विषाणू शिरल्यावर पानातही वाढतं, हरितद्रव्य घटतं. काही वाणांत लागण झालेल्या पेशी स्वतःच मरतात आणि विषाणूला तिथेच कोंडतात. काही वाण मात्र त्याला मुकाट्याने पोसतात आणि वरून ठणठणीत दिसतात. मला भीती या सोशिक वाणांची वाटते. त्यात कोकणची हवा उबदार, आणि उष्णतेत पानावरचे मोझॅकचे, म्हणजे विषाणूने पडणारे फिकट-गडद, ठिपके झाकले जातात. म्हणजे आमच्याकडे नुसती नजरेची पाहणी जवळजवळ कुचकामीच.

पंजाबात बेण्याच्या पिकाचा पाला मावा वाढायच्या आत, डिसेंबर-जानेवारीतच कापतात. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने घालून दिलेली ही पद्धत. तिथे एवढी काळजी घेतात, मग इथे वाटप करताना गोण्या नुसत्या मोजून का देता?

मागणी एकच. प्रत्येक खेपेतले काही बटाटे एलायझा चाचणीने (प्रयोगशाळेत विषाणू ओळखणाऱ्या) तपासा आणि निकाल गोणीवर छापा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ कोकणातच आहे. कुठला वाण आमच्या हवेत विषाणू लपवतो, हे त्यांच्याकडूनच तपासून घ्या. नोव्हेंबरात लागवड असते, म्हणून हे त्याआधी व्हावं.

त्या सुपाऱ्यांतल्या पंधरा-वीस अजून माळ्यावर आहेत, कोंब आलेल्या. चाचणीला हव्या असतील तर माणूस पाठवा.

आपला,
कुडाळ तालुक्यातला एक शेतकरी